संकल्पाला साक्षीदार किती कामाचा?

नवं वर्ष उजाडलं की व्हॉट्सॲपवर एक आकडेवारी हमखास फिरते. आपलं ध्येय कुणाला तरी बोलून दाखवलं तर ते गाठण्याची शक्यता ६५ टक्के. त्याच माणसाशी आढाव्याची वेळ ठरवली तर थेट ९५ टक्के. जोडीला येल विद्यापीठातली १९५३ सालची गोष्ट असते. ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर उतरवली होती, त्यांनी पुढच्या वीस वर्षांत बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त माया जमवली म्हणे. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. खुद्द येलनंच तसं सांगून टाकलेलं आहे. ९५ टक्क्यांचा आकडा अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या नावावर खपवला जातो. त्यात माणसं किती होती, ध्येयं कोणती होती, यश मोजलं कसं, यातलं काहीही तो पुढे ढकलणारे सांगत नाहीत.

आकडा बनावट असला तरी प्रश्न खरा आहे. वजन उतरवायचं, सिगारेट सोडायची, पैसे साठवायचे, परीक्षा काढायची, रोज दोन पानं लिहायची, असं काहीही ठरवलं की आपण कुणाला तरी सोबत घेऊ पाहतो. आता त्या माणसाला ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’ असं भारदस्त नाव मिळालंय आणि कोचिंगवाल्यांनी त्यावर धंदाही उभा केलाय. या सोबत्याचा उपयोग होतो का, होत असेल तर कशामुळे, आणि तो कुठे उलट नडतो, यावर गेल्या तीसेक वर्षांत बऱ्यापैकी विश्वासार्ह प्रयोग झालेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सोबती आपल्याला इच्छाशक्ती पुरवत नाही, जी इच्छा आधीच आहे तिला तो वार आणि वेळ लावून देतो. इच्छाच नसेल, किंवा ती दुसऱ्याची असेल, तर सोबत्याचा पहारेकरी होतो आणि सगळं बिनसतं.

फायदा होतो, पण किती?

सगळ्यात भक्कम पुरावा ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एकत्र केला. १३८ प्रयोग, त्यांत सुमारे वीस हजार माणसं. प्रश्न साधा होता: आपण ध्येयाच्या दिशेनं किती सरकलो, हे माणसाला वेळोवेळी तपासायला लावलं तर तो जास्त पुढे जातो का? उत्तर आलं, हो. प्रगती नुसती मनात न ठेवता लिहून ठेवली किंवा चारचौघांत सांगितली, तर परिणाम आणखी वाढतो. मात्र हा परिणाम मध्यम आकाराचा आहे. ९५ टक्क्यांच्या जादूच्या जवळपासही नाही.

कॅलिफोर्नियातल्या डॉमिनिकन विद्यापीठात गेल मॅथ्यूज यांनी १४९ जणांवर केलेला प्रयोग या विषयावर बोलणारे सगळेच वापरतात. कुणी ध्येयाचा फक्त विचार केला, कुणी ते लिहिलं, कुणी ते मित्राला कळवलं, आणि एका गटानं दर आठवड्याला मित्राला प्रगतीचा अहवाल पाठवला. हा शेवटचा गट सर्वांत पुढे राहिला. पण प्रयोग चारच आठवड्यांचा होता आणि ध्येय किती गाठलं याचे गुण प्रत्येकानं स्वतःच स्वतःला दिले होते. म्हणून त्याचा कौल दिशा दाखवण्यापुरता धरावा.

वजनाच्या बाबतीत रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा १९९९ सालचा अभ्यास ठळक आहे. काही जण उपचाराला एकटे आले, काही जण तीन-तीन मित्रमैत्रिणींना घेऊन आले. एकट्यानं येऊन नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. त्यानंतरचे सहा महिने उतरलेलं वजन पूर्णपणे टिकवणारे निघाले २४ टक्के. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याचं शिक्षणही मिळालेल्या गटात हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते. फरक मोठा आहे, पण एक मेख लक्षात ठेवायला हवी. एकटं यायचं की मित्रांना घेऊन, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. ज्याला वजन उतरवण्यासाठी तीन मित्र गोळा करता येतात, त्याचं आयुष्य मुळातच थोडं वेगळं असू शकतं.

ही शंका बरीचशी फेडणारा एक प्रयोग अलीकडे अमेरिकेत जिमच्या सभासदांवर झाला. सभासद होते ७७४. एका गटाला जिममध्ये आल्याबद्दल दरवेळी एक डॉलर मिळे. दुसऱ्या गटाला तोच डॉलर मित्रासोबत आलं तरच मिळे. एकटं आलं तर काही नाही. अट अवघड झाली म्हणजे पैसे मिळणं कठीण, म्हणून दुसरा गट मागे पडेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या फेऱ्या ३५ टक्क्यांनी जास्त भरल्या. मित्र खाली गेटवर येऊन थांबलेला असताना आज कंटाळा आलाय असा मेसेज टाकणं जड जातं.

बैठकीचा वार

हे घडतं कशामुळे? लाज वाटते म्हणून, प्रोत्साहन मिळतं म्हणून, की नुसती आठवण राहते म्हणून? याचं उत्तर शोधायला बचत आणि कर्ज ही चांगली जागा आहे, कारण तिथे यश रुपयांत मोजता येतं.

चिलीमध्ये छोटे व्यवसाय करणाऱ्या लोकांवर, बहुतेक स्त्रियांवर, एक प्रयोग झाला. सगळ्यांना बचत खाती उघडून दिली. काहींना जादा व्याजाचं आमिष दाखवलं: ०.३ टक्क्याऐवजी पाच टक्के. बहुतेकांवर त्याचा परिणाम शून्य. दुसऱ्या गटातल्या लोकांनी आपल्या कर्जगटाच्या बैठकीत बचतीचं ध्येय जाहीर केलं आणि दर आठवड्याला किती भरले ते सर्वांसमोर सांगितलं. त्यांच्या खात्यात पैसे भरण्याच्या खेपा साडेतीनपट झाल्या, शिल्लक जवळपास दुप्पट झाली. संशोधक तिथेच थांबले नाहीत. पुढच्या टप्प्यात त्यांनी बैठक काढून टाकली आणि दर आठवड्याला मोबाइलवर फक्त एक संदेश पाठवला: तुम्ही भरलेत की नाही, बाकीचे किती जण भरतात. परिणाम जवळपास तेवढाच आला. मग मोठा वाटा समोरच्या माणसाच्या धाकाचा नव्हताच. दर आठवड्याला न चुकता होणाऱ्या विचारणेचा होता.

कोलकात्यात एका सूक्ष्म वित्त संस्थेच्या कर्जदार स्त्रियांवर झालेल्या प्रयोगातून याला दुसरी बाजू मिळाली. काही गट दर आठवड्याला भेटत, काही महिन्यातून एकदा. कर्ज तेच, रक्कम तीच. आठवड्याला भेटणाऱ्या स्त्रियांची बैठकीबाहेरही ये-जा वाढली, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी थकबाकी त्यांच्यात खूपच कमी निघाली. वारंवार भेटण्यातून ओळख होते, ओळखीतून भरवसा येतो. हे काम मोबाइलवरचा संदेश करत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला कोलकात्याला जायची गरज नाही. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडण्याचा प्रकल्प सुरू केला. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ यांच्यामार्फत बचत गट आज गावोगाव पोचलेत. त्यांची पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. अंगणवाडीच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी पडवीत सतरंजी अंथरलेली असते. आधी हजेरी: सही, नाहीतर अंगठा. सचिव मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचते. मग एकेक जण बचतीची रक्कम सर्वांच्या देखत मोजून ठेवते, तिच्या पासबुकात नोंद होते, आणि पासबुक तिच्या हातात परत जातं. “ताई, मागच्या बैठकीचे शंभर राहिलेत,” असं कुणी म्हटलं की उत्तर द्यावं लागतं: पोरगा आजारी होता, कापसाचे पैसे अजून हाती आले नाहीत. उशिरा येणारीला ठरलेला दंड आहे; तो भरताना हशाही पिकतो. कुणी कुणावर ओरडत नाही. पण पुढची बैठक कोणत्या वारी आहे हे प्रत्येकीला ठाऊक असतं, आणि त्या वारापर्यंत शंभर रुपये डब्यात बाजूला पडलेले असतात.

या एका बैठकीत शेफील्डच्या १३८ प्रयोगांचं सार आलं. नोंद लेखी आहे, चारचौघांत आहे, आणि रक्कम इतकी लहान आहे की ती भरली की नाही यावर वाद होऊच शकत नाही.

सोबती कोण असावा?

कोणीही चालतो का? इथे पुरावे थोडे एकमेकांना छेद देतात.

कर्नाटकातल्या साठ गावांत एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर यांनी बचत करू पाहणाऱ्यांना गावातलाच एकेक ‘देखरेख्या’ नेमून दिला. बचतीचं उद्दिष्ट ज्याचं त्यानं ठरवलेलं. सहा महिने दर पंधरवड्याला त्याची प्रगती त्या देखरेख्याच्या कानावर जाई; अधिकार त्याच्याकडे काहीच नव्हता. तरी बचत सरासरी एक तृतीयांशानं वाढली. हा माणूस गावात चार लोकांत ऊठबस असणारा असेल, किंवा बचत करणाऱ्याच्या जवळच्या गोतावळ्यातला असेल, तर वाढ आणखी जास्त. म्हणजे ज्याच्या तोंडून आपली गोष्ट इतरांपर्यंत जाऊ शकते, त्याच्यासमोर आपण जपून वागतो. प्रयोग संपल्यावरही सवा वर्षानं त्याचा परिणाम दिसत होता.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात हॉवर्ड क्लाइन आणि सहकाऱ्यांना असंच काहीसं आढळलं. विद्यार्थ्यांनी आपलं ध्येय एका माणसाला सांगायचं होतं. काहींसमोर तो सूट घालून, या विषयातला जाणकार संशोधक म्हणून आला. काहींसमोर तोच माणूस साध्या कपड्यांत, सामान्य विद्यार्थी म्हणून. ज्यांनी सूटवाल्याला सांगितलं ते आपल्या ध्येयाला जास्त चिकटून राहिले. साध्या विद्यार्थ्याला सांगणं आणि कुणालाच न सांगणं यांत फारसा फरक पडला नाही. त्याच संशोधकांनी पुढे असंही बजावलं की समोरचा फारच मोठा असेल तर त्याच्यावर छाप पाडण्याची चिंताच कामाच्या आड येऊ शकते.

मग सोबती वरचा हवा, बरोबरीचा नको? व्यसनमुक्तीचा अनुभव उलटं सांगतो. १९३५ साली बिल विल्सन हा दारू सुटलेला शेअर दलाल ॲक्रन शहरात धंद्याच्या कामाला आला होता. काम फसलं, हॉटेलच्या बारची ओढ लागली, आणि पिऊ नये म्हणून त्यानं फोनाफोनी करून दुसरा एक दारुडा शोधून काढला: डॉ. बॉब स्मिथ. या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. तिच्यातला ‘स्पॉन्सर’ स्वतः त्याच खड्ड्यातून वर आलेला असतो आणि नव्या माणसाला सांभाळताना स्वतःलाही सांभाळत असतो. कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली २७ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरली. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणच्या कामातही उपचारानंतरचा पाठपुरावा आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या मित्रांचा आधार यांना मोठं स्थान आहे.

या दोन प्रकारच्या पुराव्यांचा मेळ घालता येतो. जिथे काम लांबणीवर पडतं एवढीच अडचण आहे, तिथे ज्याच्या मताची आपल्याला पर्वा आहे असा माणूस उपयोगी पडतो. जिथे घसरण्याची शरम आधीच मणभर आहे, तिथे वरचा माणूस ती वाढवतो. घसरलेला मग त्याला टाळू लागतो. अशा वेळी घसरणं म्हणजे काय हे अनुभवानं माहीत असलेला बरोबरीचाच हवा.

जिथे गणित फसतं

पहिला धोका नुसत्या घोषणेचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी २००९ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चांगला वकील होण्यासाठी मी अमुक करीन, असं ज्यांनी लिहिलं आणि ते दुसऱ्यानं वाचून दखल घेतली, ते नंतर खटल्यांच्या अभ्यासावरून लवकर उठले. ज्यांचं लिहिणं कुणी वाचलं नाही, ते जास्त वेळ बसले. आपण कोण आहोत किंवा होणार आहोत, याला इतरांची मान्यता आधीच मिळाली की मेहनतीची निकड ओसरते. पहिल्या पाच किलोमीटरनंतर बुटांचा फोटो टाकून दोनशे अंगठे मिळवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते आपण सगळे पाहतो.

इथे वारकऱ्याच्या माळेचं उदाहरण आड येतं असं वाटेल. माळ घालणं म्हणजे तर जाहीर घोषणाच. पण माळ घातल्यावर विषय संपत नाही, सुरू होतो: दर पंधरा दिवसांनी एकादशी, दरवर्षी वारी, दिंडीत ठरलेली जागा. मांसमद्य सोडलेल्या माळकऱ्याला जत्रेत कुणी आग्रह करत नाही, आणि आषाढात तो दिंडीत दिसला नाही तर चौकशी होते. घोषणेला फिरून फिरून हिशेबाची जोड असली की ती पचते.

दुसरा धोका आपला भार दुसऱ्यावर टाकण्याचा. ग्रेन फिट्झसिमन्स आणि एली फिंकेल यांच्या २०११ सालच्या प्रयोगात, आपला जोडीदार आपल्याला तब्येतीच्या बाबतीत कशी मदत करतो हे आठवायला सांगितलेल्या स्त्रियांनी पुढच्या आठवड्यात त्यासाठी स्वतः कमी मेहनत करायचं ठरवलं. तो आहे ना आठवण करून द्यायला, मग मी कशाला लक्षात ठेवू?

तिसरा धोका सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा: पहाऱ्याचा. क्षयरोगाच्या ‘डॉट्स’ पद्धतीत रुग्णानं गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या किंवा स्वयंसेवकाच्या डोळ्यांसमोर गिळायच्या असतात. भारतात ती १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून राबवली गेली. त्या कार्यक्रमामुळे औषधांचा पुरवठा आणि तपासण्या सुधारल्या, हे त्याचं मोठं देणं. पण गोळी डोळ्यांसमोर घेणं या एका गोष्टीचा वेगळा विचार केला तर? कॉक्रेनच्या २०१५ सालच्या आढाव्यात, समोर बसून औषध घेणारे आणि घरी स्वतः घेणारे यांच्यात बरं होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. केंद्र लांब असेल, जाण्यायेण्यात मजुरी बुडत असेल, गोळ्यांनी मळमळत असेल, तर नजर ठेवून यातली एकही अडचण सुटत नाही.

चौथा धोका चुकीच्या गोष्टीचा हिशेब मागण्याचा. जेनिफर लर्नर आणि फिलिप टेटलॉक यांनी १९९९ साली उत्तरदायित्वावरचं संशोधन एकत्र मांडलं. माणसाला निकालाबद्दल जाब विचारला की तो बचावात जातो आणि फसलेल्या निर्णयालाच धरून बसतो. काम कसं केलं, निर्णय कसा घेतला हे विचारलं तर तो जास्त नीट विचार करतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हे रोज पाहायला मिळतं. रात्री चहाच्या टपरीवर “किती झालं रे?” असं विचारलं की उत्तर येतं, “पॉलिटी होत आलंय.” याचा अर्थ काहीही होऊ शकतो, आणि विचारणाराही तो लावत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मात्र काही जोड्या वेगळं करतात: आज लिहिलेली दोन उत्तरं एकमेकांच्या हातात द्यायची, लाल पेनानं तपासायची, उद्या परत करायची. निकाल कोणाच्याच हातात नसतो. दोन उत्तरं असतात.

मग करायचं काय?

या सगळ्या पुराव्यांतून व्यवहारात उतरणाऱ्या चार-पाच गोष्टी निघतात. ध्येय सांगण्यापेक्षा दर आठवड्याला काय केलं ते सांगण्याचं ठरवावं. वार आणि वेळ पक्की असावी. “बोलू मध्ये कधी तरी” यातून काही होत नाही. नोंद अशी असावी की हो किंवा नाही एवढंच उत्तर निघेल: चार दिवस चाललो की नाही, हजार रुपये भरले की नाही. पन्नास जणांच्या ग्रुपपेक्षा एक माणूस किंवा चार-पाच जणांचा गट बरा, कारण पन्नासांत आपण गप्प राहिलो हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सोबत्यानं विचारायचा प्रश्नही ठरलेला असावा: काय आडवं आलं, आणि पुढच्या आठवड्यात काय बदलणार? का नाही केलंस, या प्रश्नातून बहाणेच बाहेर पडतात. बायको, नवरा किंवा आई यांना हे काम शक्यतो देऊ नये. त्यांच्याशी आपले दुसरे पुष्कळ हिशेब असतात, आणि न चाललेले चार दिवस रात्रीच्या जेवणापर्यंत पोचतात.

हिशेब मागायला कुणी येण्याची वाट पाहणं हीच मुळात चुकीची बाजू आहे. १९१७ साली विनोबांनी गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेतली आणि वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रं शिकायला राहिले. तिथून त्यांनी गांधीजींना लांबलचक पत्र लिहिलं: काय वाचलं, काय शिकवलं, चालणं, दळण, सूर्यनमस्कार, आहारातलं काय सोडलं, कोणती व्रतं पाळली. वर्ष पुरं झालं त्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. गांधीजींनी वाईला माणूस पाठवून चौकशी केली नव्हती. विनोबांना हिशेब द्यायचा होता, आणि तो कुणाला द्यायचा हे त्यांनी स्वतः निवडलं होतं. बचत गटातली बाई, बारजवळून फोन करणारा बिल विल्सन, कर्नाटकातले बचत करणारे गावकरी यांच्यातही हेच समान आहे: ध्येय त्यांचं स्वतःचं होतं. क्षयरोग्याला मात्र बोलावून बसवलं जात होतं.

म्हणून सोबती शोधण्याआधी एक साधी चाचणी घ्यावी. कुणी विचारलं नाही तरी हा अहवाल आपण स्वतःहून पाठवू का? उत्तर हो असेल तर जवळपास कोणताही शहाणा, वक्तशीर माणूस चालेल, आणि मदत माफक असली तरी खरी असेल. उत्तर नाही असेल, किंवा तीन-चार आठवडे सलग ठरल्या वेळी फोन उचलावासा वाटत नसेल, तर सोबती बदलून उपयोग नाही. ते ध्येय बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी आहे: डॉक्टरांचं, वडलांचं, नाहीतर जानेवारीचं. ते मोकळेपणानं सोडून द्यावं आणि जे खरंच हवंय त्याच्यासाठी वार ठरवावा.